परदेशी नोकरीचा भाव आपण कधी विचारणार?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत आपली आई-बहीण भाजी घ्यायला जाते तेव्हा भेंडीचे टोक मोडून पाहते, मेथीची जुडी उलटसुलट करते, दोन गाळे पुढे जाऊन दुसरा भाव विचारते आणि मगच पिशवी पुढे करते. वीस रुपयांच्या भाजीसाठी एवढी चौकशी करणारे आपले कुटुंब पोराला ऑस्ट्रेलियाला किंवा कॅनडाला धाडायचे म्हटले, की एजंटच्या वातानुकूलित कार्यालयात दोन-तीन लाख रुपये मोजून देते आणि पावतीसुद्धा मागत नाही. असे का व्हावे?

उत्तर कडू आहे, पण सरळ आहे. भाजीचा बाजार आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, परदेशी नोकरीचा बाजार आपल्या घरात पहिल्यांदाच येतो आहे. प्रस्थापितांच्या घरी मामा न्यू जर्सीला असतो, आत्या मेलबर्नला असते. कोणता कागद केव्हा काढायचा, कोणती परीक्षा कधी द्यायची, हे त्यांच्या मुलाला जेवणाच्या ताटावर फुकट कळते. आपला मुलगा घरातला पहिला इंजिनिअर. त्याला सांगणार कोण? मग माहिती विकणाऱ्याची चलती होते. या माहितीलाच पुढे 'मेरिट' असे नाव पडते, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत.

मंडईचे नाव आम्ही उगाच घेतले नाही. १८८६ साली रे मार्केट म्हणून ही अष्टकोनी इमारत उभी राहिली. तिच्यावरील मोठ्या खर्चाला जोतीरावांचा विरोध होता आणि तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा अशी त्यांची भूमिका होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले. आज तिच्या पायाशी मेट्रोचे भुयारी स्टेशन आहे. तेथून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत भिडेवाड्याची जागा आहे, जिथे १८४८ साली मुलींची शाळा भरली. आणि त्याच बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना ही गल्ली सांगावी लागत नाही. रेझिस्टर, कपॅसिटर, मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, सोल्डरिंगची तार असे सारे सुटे सामान घेण्यासाठी पुणे जिल्ह्यातली आणि बाहेरची पोरे तिथे गर्दी करतात. आमच्या मते परदेशचा रस्ता एजंटच्या कार्यालयातून सुरू होत नाही, तो या गल्लीतून सुरू होतो. ते कसे, हे पुढे सांगतो.

त्याआधी एका आक्षेपाचा समाचार घेतला पाहिजे. 'बाबासाहेब शिकून परत आले, तुमची पोरे का पळतात?' असे आपल्यातलेच काही ज्येष्ठ विचारतात. त्यांचा आम्ही आदर करतो, पण हा प्रश्न अर्धवट आहे. आधीच्या पिढीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकाधारकाला टेलिफोन खात्यात राखीव जागेवर नोकरी मिळत होती. त्या एका नोकरीवर भावंडे शिकली, पत्र्याच्या घराला स्लॅब पडला. आज काय आहे? बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत जानेवारी २०२० अखेर सुमारे ७८ हजार कर्मचारी एका दमात बाहेर पडले. जिथे भरतीच नाही तिथे आरक्षण कशावर मोजायचे? खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि तिथल्या मुलाखतीत आडनाव विचारून घेण्याच्या तऱ्हा सर्वांना ठाऊक आहेत. देशाने ज्याच्यासाठी दार लावून घेतले त्याने दुसरे दार ठोठावले, तर त्याला पळपुटा म्हणायचे का? आयआयटीतून सरकारी खर्चाने शिकून अमेरिकेत स्थायिक झालेल्यांना हा प्रश्न कोणी विचारला होता?

आता मुद्द्याकडे येऊ.

ऑस्ट्रेलियाला जाऊ इच्छिणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्याची पदवी आधी 'इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया' ही संस्था तपासते. इथेच आपल्या पोरांची पहिली चाळण होते. १३ जून २०१४ रोजी भारत 'वॉशिंग्टन करारा'चा पूर्ण सदस्य झाला. या करारातील देश एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देतात. ऐकायला फार चांगले वाटते. पण ही मान्यता सरसकट नाही. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने ज्या अभ्यासक्रमाला 'टियर-१' दर्जाचे मूल्यांकन दिले आहे, त्यालाच ती लागू होते. टियर-१ म्हणजे विद्यापीठे आणि स्वायत्त महाविद्यालये. विद्यापीठाशी केवळ संलग्न असलेली महाविद्यालये टियर-२ मध्ये येतात आणि ती या कराराच्या बाहेर राहतात. आपली बहुसंख्य मुले कुठे शिकतात? तालुक्याच्या बाहेर माळावर बांधलेल्या, साखरसम्राटांच्या संलग्न महाविद्यालयांत. प्रवेशाच्या वेळी वसतिगृह, कँटीन, 'प्लेसमेंट' सगळे विचारले जाते. 'तुमच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेचे मूल्यांकन टियर-१ आहे का, आणि ते कोणत्या वर्षापर्यंत आहे?' हे विचारणारा पालक आम्हाला अजून भेटायचा आहे.

टियर-२ वाल्यांचा रस्ता बंद नाही, लांब आहे. त्यांना 'सीडीआर' म्हणजे आपल्या क्षमतेचा सविस्तर अहवाल लिहून द्यावा लागतो. त्यात आपण केलेल्या कामाची तीन प्रकरणे असतात, प्रत्येक एक हजार ते अडीच हजार शब्दांचे. नोकरीचा अनुभव नसेल तर महाविद्यालयातील प्रकल्पावरही प्रकरण लिहिता येते. आणि आता तपकीर गल्ली आठवा. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तयार विकत घ्यायचा, वर काळी बाइंडिंग करून अहवाल सादर करायचा, हा शिरस्ता महाराष्ट्रभर पडला आहे. गुण मिळतात, पदवी मिळते. पण पाच वर्षांनी परदेशातला परीक्षक विचारतो की या सर्किटमध्ये हाच घटक तू का निवडलास, गणित काय केलेस, बिघाड कुठे आला आणि तो कसा काढलास? विकत घेतलेल्या प्रकल्पात या प्रश्नांची उत्तरे नसतात. मग एजंट तयार अहवाल विकतो. तो दहा जणांना विकलेला असतो, नक्कल पकडली जाते, अर्ज फेटाळला जातो आणि वर काही काळ अर्ज करण्यास बंदीही येते. फी गेली ती गेली, वय मात्र परत मिळत नाही. याउलट ज्या पोराने गल्लीतून सुटे सामान आणून, दोन आयसी जाळून, तिसऱ्यांदा का होईना पण आपल्या हाताने बोर्ड चालू केला आणि रोजच्या रोज वहीत टिपले, त्याच्याजवळ एक प्रकरण तयार आहे.

जाता जाता एक गोष्ट. हा अहवाल 'मी' म्हणून लिहावा लागतो. मी आराखडा केला, मी मोजमाप घेतले. आपली पोरे 'आम्ही केले, आमच्या टीमने केले' असे लिहितात. चळवळीत वाढलेल्यांची सवय आहे ती, आणि आम्ही स्वतः या स्तंभात तेच करतो! पण त्या अर्जात 'आम्ही' चालत नाही.

दुसरी चाळण पहिल्या नोकरीत लागते, आणि ती कोणी सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासणीच्या कामाला लागतो. पगार बरा असतो, घरच्यांना आनंद होतो, त्यात गैर काही नाही. परंतु तीन-चार वर्षांनी तो 'इलेक्ट्रॉनिक्स अभियंता' म्हणून अर्ज करायला बसतो तेव्हा त्याचा अनुभव त्या व्यवसायाचा ठरत नाही. संगणक क्षेत्रातून अर्ज करावा तर तिथली संस्था म्हणते की तुझी पदवी मुळात संगणकाची नाही, तेव्हा अनुभवाची काही वर्षे आम्ही वजा करणार. म्हणजे धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. कॅनडातही पदवीच्या नावापेक्षा तुम्ही प्रत्यक्ष कोणते काम करता याला महत्त्व आहे. त्यांच्या यादीत इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्याचा संकेतांक २१३१० आहे आणि त्या खाली कामांचे वर्णन दिलेले आहे. बाहेर जायचे मनात असेल तर पहिली नोकरी धरतानाच हे वर्णन वाचावे.

आणि जो इलेक्ट्रॉनिक्समध्येच राहिला त्याचे तरी काय? भोसरीच्या एखाद्या छोट्या कारखान्यात तो सर्किट बोर्ड बनवतो, दुरुस्त करतो, तपासतो. काम शंभर नंबरी. पण नेमणूकपत्र नाही, पगार रोखीत, भविष्य निर्वाह निधी कापलेला नाही, फॉर्म १६ चे नावही नाही. चार वर्षे घाम गाळून कागदावर तो बेकारच. मालकाचे दोन पैसे वाचले आणि पोराचे आयुष्य अडले. असंघटित कामगाराचा प्रश्न फक्त हमालांचा आणि कचरावेचकांचा आहे असे समजणाऱ्यांनी या पदवीधर पोरांकडेही पाहावे. नेमणूकपत्र, पगारपत्रक आणि कामाचे स्वरूप लिहिलेले अनुभवपत्र हा त्याचा हक्क आहे आणि तो नोकरी सोडताना नव्हे, नोकरी चालू असतानाच मागितला पाहिजे.

आता गुणांचा हिशोब. ऑस्ट्रेलियाच्या आजच्या पद्धतीत वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण मिळतात, तिथून ते घटत जातात आणि ४५ व्या वर्षी दार बंद होते. पदवीला १५. देशाबाहेरच्या, म्हणजे आपल्या इथल्या, तीन वर्षांच्या अनुभवाला ५ आणि आठ वर्षांच्या अनुभवाला १५. इंग्रजीची सर्वोच्च पातळी गाठली तर २०! पुन्हा वाचा. आठ वर्षांच्या राबण्यापेक्षा एका भाषा-परीक्षेचे मोल जास्त आहे. सत्तावीस वर्षांचा अविवाहित पदवीधर, तीन वर्षांचा अनुभव, मध्यम पातळीचे इंग्रजी: ३०, १५, ५, १०, आणि अविवाहित असल्याचे १०, एकूण ७०. अर्जाची किमान मर्यादा ६५ आहे, पण निमंत्रणाची रेषा बहुधा त्याहून वर असते. तोच मुलगा इंग्रजीत वरची पातळी गाठतो तेव्हा ८० वर जातो. मराठी माध्यमातून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या आपल्या मुलाला हे वाचून धडकी भरेल. पण जातीचा दाखला, बापाची मालमत्ता, मामाची ओळख यांपैकी काहीही न लागता मेहनतीने मिळवता येणारे गुण या यादीत हेच आहेत. एजंटला द्यायच्या पैशाचा एक तुकडा आणि एक वर्ष भाषेवर घालवा, असे आम्ही ठामपणे म्हणतो.

जर्मनीचे गणित वेगळे आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १५०० युरो द्यावे लागतात. फुकट म्हणून हुरळून जाऊ नये, कारण वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. रुपयांत ती रक्कम अकरा-बारा लाखांच्या घरात जाते. शिक्षण संपलेल्यांसाठी जून २०२४ पासून 'संधी कार्ड' सुरू झाले आहे. त्यावर एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधता येते. भाषेची अट प्राथमिक जर्मन किंवा चांगले इंग्रजी अशी आहे, पण नोकरी मिळवायची तर जर्मन हवीच. आपल्या पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मन आणि जपानी शिकून बाहेर पडलेल्या पुणेकरांच्या पिढ्या तिथून गेल्या. त्या वर्गांत आपली किती मुले बसतात, हे एकदा आपणच मोजावे.

अमेरिकेविषयी थोडक्यात. एच-१बी ही सोडत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील व्यक्तीसाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, आणि ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग हलता हलत नाही. कर्ज काढून या रांगेत उभे राहू नये. कॅनडाच्या २०२५ च्या विशेष श्रेणीच्या यादीत इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते आणि पदविका घेतलेले तंत्रज्ञ, दोघेही होते. परंतु यादीत नाव असणे म्हणजे निमंत्रण नव्हे, आणि तिथे अभियंता म्हणून सही करायची तर प्रांताचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.

राहिला शिष्यवृत्तीचा प्रश्न. तो आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा पाया खुद्द बाबासाहेबांनी घातला आहे. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान व तंत्रज्ञानाचे वरिष्ठ शिक्षण हवे आणि ते गरिबाच्या आवाक्याबाहेर आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्यासाठी देशातील शिक्षणाला वर्षाला दोन लाख आणि इंग्लंड, युरोप, अमेरिकेतील शिक्षणाला एक लाख रुपये त्यांनी मागितले. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस आपल्या मुलांसाठी तंत्रज्ञान मागतो आहे, ही दूरदृष्टी लक्षात घ्या.

आज केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत सव्वाशे जागा आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, म्हणजे सगळ्या देशासाठी! २०२५ साली १०६ जणांची निवड झाली आणि सुरुवातीला केवळ ४० जणांना पत्रे मिळाली. बाकीच्यांना निधी असेल तर पाहू, असे सांगण्यात आले. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीत ७५ जागा आहेत आणि तिचा कारभार पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयातून चालतो. या दोन्ही योजना जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांसाठी आहेत. इथे एक विसंगती आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाला कारखान्याशी जोडलेले शिक्षण देणारी जर्मनीतली उपयोजित विज्ञानाची विद्यापीठे बहुतेक या क्रमवारीत येतच नाहीत. तिथे शुल्क नाही, फक्त राहण्या-खाण्याचा खर्च आहे, नोकरीचा संभव चांगला आहे, पण शिष्यवृत्ती मिळत नाही. नामांकित विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्यावर जेवढा पैसा जातो तेवढ्यात असे दोन-तीन विद्यार्थी शिकतील. नामांकित विद्यापीठांच्या जागा कमी करा असे आम्ही म्हणत नाही. त्या वाढल्याच पाहिजेत. परंतु तंत्रशिक्षणासाठी क्रमवारीची अट नसलेला वेगळा गट असावा, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. अर्ज करणाऱ्यांनी हमीपत्रातल्या परत येण्याच्या, सेवेच्या आणि रक्कम वसुलीच्या अटी सही करण्यापूर्वी शब्दन्‌शब्द वाचाव्यात.

एजंटविषयी दोन शब्द. सगळे चोर असतात असे नाही. पण परदेशात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असावी लागते आणि त्याने उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा या देशांत स्थलांतर सल्लागारांची सरकारमान्य यादी आहे आणि ती कोणालाही पाहता येते. 'तुमची फाइल आम्ही आतून करून घेतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठावे.

आपल्या घरांची एक खास अडचण आहे. अनेक कुटुंबांनी गावकीची आडनावे टाकून नवी घेतली. ते स्वाभिमानाचे पाऊल होते. पण बापाच्या दाखल्यावर एक, मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे स्पेलिंग, असा घोळ बहुतेक घरांत आहे. राजपत्रातली नोंद आणि सर्व कागदांवर एकच नाव, हे काम बारावीलाच उरकावे.

तिकडे पोहोचल्यावर जात सुटेल काय? जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध खटला भरला. एका दलित अभियंत्याला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वेगळी वागणूक दिली, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला, आणि दोघा वरिष्ठांविरुद्धचे आरोप विभागाने २०२३ मध्ये मागे घेतले. परंतु जात विमानात बसून येते ही गोष्ट या खटल्यामुळे अमेरिकेच्या चव्हाट्यावर आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल नगर परिषदेने जातीय भेदभावाला बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्यातला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या तशाच विधेयकावर गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये नकाराधिकार वापरला. लढाई तिथेही आहे, आणि लढणारेही आहेत. लंडनमध्ये बाबासाहेब राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे घर विकायला निघाल्याची खबर तिथल्याच आंबेडकरी संघटनेने दिली आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला, तोही तिकडे गेलेल्यांच्याच पुढाकाराने. गेलेले सगळेच विसरत नाहीत.

या मंडळींकडून आम्हाला निधीपेक्षा वेगळी गोष्ट हवी आहे. वर्षातून एक रविवार त्यांनी आपल्या विहारातल्या पोरांसाठी द्यावा. मोबाइलच्या पडद्यावर बसून त्यांचा अहवाल वाचावा, चुका दाखवाव्यात, खोटी मुलाखत घ्यावी. पुण्यात क्वीन्स गार्डनला बार्टीचे कार्यालय आहे. स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणावर ही संस्था मोठा खर्च करते. त्याच तोलामोलाने इंग्रजी, जर्मन आणि जपानी भाषेचे वर्ग प्रत्येक जिल्ह्यात चालावेत, आणि त्यांत पदविकाधारकांना व आयटीआयच्या मुलांनाही प्रवेश असावा. येत्या जूनमध्ये ज्यांची मुले प्रवेशाच्या रांगेत उभी राहतील, त्यांनी महाविद्यालयाच्या खिडकीवर पहिला प्रश्न टियर-१ चा विचारावा. उत्तर लेखी मागावे.